ओटी न घेता गेलीस

निफाड, सोमवार

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल ओटी न घेता गेलीस. नारळ देव्हाऱ्यापुढे तसाच आहे. सोनूचा ताप उतरला का?

तू बोललीस ते खरं आहे. "डोळ्याच्या थेंबांसाठी तुला दादापुढे हात पसरावा लागतो, आणि हक्कसोडवर सही तूच करायला लावलीस मला." मी गप्प बसले, कारण उत्तर नव्हतं. दादा वाईट नाही गं. सूनबाई पथ्यपाणी बघते. पण पैसे मागितले की तो "आता कशाला?" विचारतो, आणि पन्नास वर्षं नांदलेल्या घरात मला पाहुण्यासारखं वाटतं.

आपण दोघींनी दादासाठी आपापला वाटा सोडला, तो दिवस रोज आठवतो. निबंधकाच्या कचेरीत माझा अंगठा यंत्र घेईना. कांदे निवडून, भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत. कारकुनानं ओल्या फडक्यानं पुसून चार वेळा दाबला. तेव्हाच उठून यायला हवं होतं. अण्णांमागे कायद्यानं दादाइतकाच वाटा माझा होता, तुझाही होता. मीच तुला म्हटलं, "माहेर तुटायला नको." माझ्या भावांना मी साडीचोळीवर सोडून दिलं, तेच तुला शिकवलं.

तुला आठवत नसेल, 1986 ला चांदवडला शेतकरी संघटनेचं बायकांचं अधिवेशन झालं, तेव्हा तू चार वर्षांची होतीस, माझ्या कडेवर. एवढ्या बायका मी एका जागी कधी पाहिल्या नव्हत्या. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली. शंभर जणांनी बायकोच्या नावावर जमीन केली की ते गाव लक्ष्मीमुक्त. अण्णा सभेहून आले ते म्हणाले, उद्याच तलाठ्याकडे जाऊ, एक एकर तुझ्या नावावर. आजी दोन दिवस जेवली नाही. मग मीच म्हटलं, राहू द्या. त्या वर्षी द्राक्षाला भावही बरा होता, तुला पैंजण केले होते. तुझ्या पायातले ते पैंजण अजून डोळ्यापुढे येतात.

असो. लिहायला बसले ते वेगळंच होतं. तुमच्या चिंचवडच्या फ्लॅटवर तुझं नाव आहे का? हप्ता तुझ्या पगारातून जातो, हे तूच सांगितलंस.

आपल्या मागच्या आळीतल्या काकूंनी घर मुलाला बक्षीसपत्र करून दिलं. आता प्रांताकडे खेटे घालतात. आईबापांच्या सांभाळाच्या 2007 च्या कायद्यात असं दिलेलं परत मिळतं, पण तिथे पहिला प्रश्न हाच, की सांभाळायच्या अटीवर दिलं, हे कागदात कुठे आहे? पोटच्या पोराला देताना अट कोणती आई लिहून घेते? तू मात्र लिहून घे. कुठेही सही करण्याआधी कागद घरी आण, दोनदा वाच, वकिलाला दाखव. जावईबापू देवमाणूस आहेत, पण अण्णाही देवमाणूसच होते, आणि सातबाऱ्यावर मी कुठेच नव्हते.

बघ, सुरू झालं माझं. बँकेत दिवसभर लोकांचे कागद तपासणाऱ्या लेकीला मी काय शिकवणार? तुझ्या टेबलावर तुझ्या नावाची पाटी पाहिली त्या दिवशी घरी येऊन पुरण घातलं होतं मी. माफ कर. पण म्हातारपणात बाईला औषधाचे पैसे मागताना शब्द जुळवावे लागतात, ते मी रोज करते. तुझ्यावर ती पाळी आलेली मला सोसणार नाही.

दादाशी अबोला धरू नकोस. दिवाळीला ये. माझ्या वाट्याचं त्याच्याशी मी बोलेन. अजून धीर होत नाही, पण बोलेन.

तुझी,
आई

ता. क. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर कुणाचं नाव आहे, तेवढं बघून फोन कर. दुपारी दोननंतर कर, तेव्हा घरात मी एकटी असते.