मांद्र्याच्या फ्लॅटचा हिशेब

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

मांद्र्याला फ्लॅट घेऊन तो पाहुण्यांना भाड्याने द्यायचा तुझा बेत मांडणारा तक्ता बाबांनी छापून आणला आणि काल रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं तो घेऊन बसलो. मेहनत दिसते, पाहून बरं वाटलं. पुण्याला नोकरी करता करता गोव्यात आपलं काहीतरी उभं करावं असं तुला वाटतं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण फोंड्याच्या बँकेत माझी सगळी नोकरी कर्जविभागात गेली, त्यामुळे आकडे दिसले की माझा हात पेनाकडे जातोच. म्हणून हे पत्र.

साठ लाखांचा फ्लॅट. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या गृहकर्जाला बँक जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ४८ लाख. बारा लाख तुझे, इथवर तुझं बरोबर आहे. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, पलंग, गाद्या, एसी यातलं काहीच त्या ४८ लाखांत बसत नाही, आणि त्यासाठी तू पाच लाखांचं पर्सनल लोन धरलं आहेस. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी ४८ लाखांचा हप्ता साधारण ४१,६५० रुपये होतो. पाच लाखांचे पाच वर्षांसाठी बारा टक्क्यांनी आणखी ११,१००. महिन्याला बावन्न हजारांच्या वर. बँक हे तुझ्या पगारावर तोलेल, पाहुण्यांच्या भाड्यावर नाही. नव्या माणसाचं अजून न आलेलं भाडं कोणी फारसं धरत नाही.

आता तुझा उत्पन्नाचा रकाना. दर महिन्याला वीस रात्री, बाराही महिने. बाय, जुलैत मांद्र्याला वीस रात्री कोण राहतं गं? तू इथेच वाढलीस. जूनमध्ये पाऊस लागला की किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या झोपड्या, उतरवतात, समुद्रात उतरायची मनाई होते, अर्धी दुकानं ताडपत्री ओढून बसतात. मोपाचा विमानतळ झाल्यापासून मांद्र्याच्या पेडणे तालुक्यात वर्दळ वाढली हे खरं, पण पाऊस त्याने थांबलेला नाही. घर बंद राहिलं की भिंतीला ओल चढते, वेताच्या खुर्च्यांवर पांढरी बुरशी येते, खाऱ्या वाऱ्याने एसीच्या बाहेरच्या पेटीचे स्क्रू गंजून अडकतात. तो खर्च तुझ्या तक्त्यात कुठेच नाही.

मी साधं मांडून पाहिलं. रात्रीचे तीन हजार मिळाले असं धर. ज्या अ‍ॅपवरून पाहुणा येतो त्याचं कमिशन, चादरी धुणं, साफसफाई, वीज, चावी द्यायला ठेवलेला माणूस, सोसायटीचा मेंटेनन्स हे सगळं जाऊन दोन हजार हातात राहिले, तरी चांगलं म्हणायचं. मोठ्या कर्जाचा वर्षाचा हप्ता पाच लाखांच्या आसपास जातो. म्हणजे नुसत्या त्या हप्त्यासाठी अडीचशे रात्री हव्यात. ऑक्टोबर ते मे या आपल्या सीझनचे दिवस मोजले तर २४३ भरतात. एकही रात्र रिकामी गेली नाही तरी पुरत नाही, आणि पर्सनल लोन अजून बाजूलाच आहे. नाताळच्या आठवड्यात दुप्पट दर मिळेल म्हणशील. मिळेल, पण त्या आठवड्यावर वीस वर्षांचं कर्ज उभं करू नकोस.

तेच कर्ज ३० लाखांचं असेल तर हप्ता २६,००० च्या जवळपास येतो आणि दीडशेच्या थोड्या वर रात्रींत भागतो. सीझन मध्यम गेला तरी जमण्यासारखं आहे, आणि एखादं वर्ष कोरडं गेलं तर तुझा पगार ते सोसू शकतो. मला एवढंच बघायचं आहे: एकही पाहुणा आला नाही तरी हप्ता भरून तू पोटभर जेवशील ना? म्हणून आणखी दोन-तीन वर्षं साठव, नाहीतर लहान घर बघ. पर्वरी किंवा म्हापशाकडे बघितलंस तर बरं. तिथे पाहुणे नसतील तेव्हा नोकरदार भाडेकरू बारमाही मिळतो. फ्लोटिंग दराचं गृहकर्ज घे. ते मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, बोनस आला की मुद्दलात टाकता येतो. पर्सनल लोनला मात्र माझा साफ नकार आहे.

फोंड्याचं घर तारण ठेवायचं तू विचारलंस. बाबा आणि मी बोललो. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे, आणि इथल्या कायद्याप्रमाणे आमच्यामागे त्यात तुझ्या भावाचाही वाटा आहे. त्याच्याशी बोलल्याशिवाय आम्ही सही करणार नाही, आणि खरं सांगू, बोलल्यानंतरही करावीशी वाटत नाही. माझ्या ठेवीतले चार लाख मात्र तुझ्यासाठी आहेत. ते भावाला सांगून, कागदावर लिहून देईन.

आता या फ्लॅटविषयी. विकणारा इंग्लंडात राहतो हे तू सहज एका ओळीत लिहिलंस, पण माझ्या दृष्टीने तीच ओळ सगळ्यात मोठी. विकणारा भारतात राहणारा असता तर पन्नास लाखांवरच्या व्यवहारात तू एक टक्का टीडीएस कापून भरला असतास आणि विषय संपला असता. अनिवासी माणसाला पैसे देताना कापायचा कर त्याहून पुष्कळ जास्त असतो, आणि तो कापला नाही तर जबाबदारी घेणाऱ्याची. त्याचं लग्न इथल्या कायद्याखाली झालं असेल तर बायकोचीही सही लागेल. मुखत्यारपत्रावर दोघांची नावं आहेत का, ते आधी बघ. एक-चौदाचा उतारा, म्हणजे इथला जमिनीच्या नोंदीचा कागद, मागव आणि कब्जेदाराचं नाव बघून थांबू नकोस, कूळ आणि इतर हक्क हे रकाने वाच. मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं, नाव तिथे निघालं तर १९७५ च्या कायद्याचं संरक्षण त्याला आहे. जमिनीची सनद (शेतजमीन घरासाठी वापरायची परवानगी), ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (इमारतीत राहायची परवानगी) आणि किनाऱ्याजवळ आहे म्हणून सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांची) स्थिती हे सगळं वकिलाकडून लेखी घे.

पाहुणे ठेवायचे तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात नोंदणी करावी लागते. सोसायटीची परवानगी आधी विचार. तिने नाही म्हटलं तर सगळा बेतच फसतो. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती द्यावी लागते, आणि तू पुण्यात असताना ती कोण भरणार ते ठरव. बँकेच्या अर्जात मात्र घर पाहुण्यांसाठी आहे हे स्पष्ट लिही. स्वतः राहणार म्हणून घेऊन पाहुण्यांना देऊ नकोस. दर थोडा जास्त लागला तर लागू दे.

एजंट मंगळवारपर्यंत दोन लाखांचं टोकन मागतो आहे ना, ते देऊ नकोस. वरची कागदपत्रं मागितल्यावर तो काय म्हणतो ते मला कळव, आणि रविवारी सकाळी फोन कर. तक्ता उघडून बस. पावसाचे चार महिने शून्य धरून आपण तो पुन्हा मांडू.

तुझी,
आई