तुझ्या नावाचा घोडा

नागपूर, रविवार रात्र

शाम्या,

दिवाळीपासून फोन नाही केला, शिव्या दे. बीपी गोळीवर आहे, बाकी ठीक.

आज मानकापूरच्या मैदानावर होतो, चिमीची आठशे मीटर. म्हणशील, पुन्हा दुसरी. नाही बे, शेवटची. आणि घालवली मी.

दर वेळी तीच उंच पोरगी पुढे जाते, म्हणून मीच कानात सांगितलं, पहिल्यापासून तिला सोडू नको. नाही सोडलं. पहिली फेरी दोघी जोडीनं, बाकीच्या पार मागे. दुसऱ्या फेरीत वळणावर हिचे पाय जड झाले आणि मला बर्डीच्या फुटपाथवरचं आपलं ते फाटकं अमेरिकन मासिक आठवलं.

९ जून १९७३, अमेरिकेतली बेलमाँटची घोड्यांची शर्यत. पाच घोडे, दीड मैल, आणि तुझ्या नावाचा शॅम सुटला तो थेट त्या तांबड्या सेक्रेटेरिएटच्या बरोबरीनं! तांबड्यानं २ मिनिटं २४ सेकंदांत ३१ लेंग्थनं (म्हणजे ३१ घोड्यांच्या लांबीनं) मारली, तो विक्रम अजून कोणी मोडला नाही. शॅम पाचवा. त्याआधीच्या केंटकी डर्बीत गेटवर आपटून दोन दात गेले तरी हा फक्त अडीच लेंग्थ मागे होता, हे तू टपरीवर सगळ्यांना ऐकवायचास, जसा काही तुझा सख्खा भाऊ. मी म्हणायचो, बेलमाँटला त्याच्या जॉकीनं, पिंकेनं, त्याला आधीच दमवला. तू म्हणायचास, जॉकीला काय बोलतो, पळव म्हणणारा बाहेर उभा असतो. आठ दिवस अबोला. (त्या दिवशीच्या तर्री-पोह्याचे पैसेही तू बुडवलेस.)

आज बाहेर मी उभा होतो रे.

पोरगी काही बोलली नाही. स्पाइक्स पेपरात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. तिची आई मला फक्त जेवायला वाढते. शॅम त्यानंतर पुन्हा धावलाच नाही, महिन्याभरात पायाचं हाड मोडलं. रात्रभर हेच डोक्यात, आणि ते हिला सांगायची सोय नाही.

एक मात्र सांगता येईल. डर्बीच्या दोन आठवडे आधी वुड मेमोरियल शर्यतीत सेक्रेटेरिएट तिसरा आला होता, तोंडात गळू होतं त्याच्या. दुसरा कोण? तुझा शॅम. पण मी सांगितलं तर समजूत काढतोय वाटेल. तुझं ती ऐकते. उद्या शाळेतून पाचला येते, तेव्हा कर फोन. गळवाचं लगेच सांगू नको.

बदलीचं काय झालं? वहिनींच्या गुडघ्याला आराम आहे ना?

तुझा,
बंड्या