भार कुठून जातो ते दाखवणाऱ्या अण्णांना

ती. अण्णा,
साष्टांग नमस्कार.

माझ्या जुन्या यामाहा आरएक्स १०० ची हलकी ट्रायल्स गाडी झाली, आणि चांगली झाली. तुमच्या भोसरीच्या शेडवर येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही ‘बरं बरं, चहा घे’ म्हणून विषय बदलता. म्हणून आता लिहूनच काढतो, आणि चार लोकांसमोर लिहितो. माझ्या ओळखीतली बरीच पोरं हल्ली जुन्या टू-स्ट्रोक गाड्या हलक्या करायच्या मागे लागली आहेत. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं, असं मनापासून वाटतं.

ज्यांना ट्रायल्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. यात वेगाची शर्यत नसते. दगड, ओढा, झाडांची मुळं, उभा चढ असा एक छोटा पट्टा आखलेला असतो आणि तो पाय न टेकता पार करायचा. एकदा पाय टेकला तर १ गुण, दोनदा टेकला तर २, त्याहून जास्त वेळा टेकला तर ३, आणि पडलात किंवा पट्ट्याबाहेर गेलात तर ५. ज्याचे गुण सगळ्यांत कमी, तो जिंकला. सीटवर बसायचं नसतंच. सगळा वेळ फूटरेस्टवर उभं राहून अंगाच्या झोकाने गाडी उचलायची, वळवायची, दगडावर चढवायची. त्यामुळे इथे एकेक किलो हाताला कळतो. आजच्या तयार ट्रायल्स गाड्या ७० किलोच्या आसपास असतात. माझी आरएक्स १०० शंभराच्या आसपास होती.

खरं तर मला आधी बुलेट घ्यायची होती. ट्रायल्समध्ये तिचं नाव मोठं आहे. जॉनी ब्रिटनने स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल १९५२ आणि १९५७ अशी दोनदा रॉयल एनफिल्डवर जिंकली होती. तुम्ही एवढंच विचारलंत, “ओढ्यात आडवी झाली तर एकट्याने उचलशील?” बुलेटचा विषय तिथेच संपला.

पहिलं काम तुम्ही दिलंत ते वजनाचं. गाडी सगळी खोलायची, काकूंचा स्वयंपाकघरातला काटा आणायचा आणि प्रत्येक सुटा भाग त्यावर ठेवून वहीत लिहायचा. सीट, डबल स्टँड, हेडलाइट, इंडिकेटर, मीटर, चेनकव्हर, पत्र्याची मडगार्डं, मागचं ग्रॅबरेल: हे सगळं निघालं आणि त्यात धोका काहीच नव्हता. गाडी रस्त्यावर चालवायचीच नव्हती, छोट्या हत्तीत टाकून न्यायची होती. (मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असे बदल केलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पोरांनी हे आधी लक्षात घ्यावं.) सोपं वजन इथे संपलं. यापुढचा प्रत्येक ग्रॅम कुठल्यातरी भार उचलणाऱ्या भागातून काढायचा होता, आणि त्या प्रत्येक भागापाशी तुमचा एकच प्रश्न असायचा, “इथून भार कुठे जातो?”

फूटरेस्टच्या ब्रॅकेटचा हिशोब तुम्ही शेडच्या भिंतीवर खडूने करून दाखवला होतात. मीटरभर उंचीच्या दगडावरून खाली उतरलो आणि शॉकअप, टायर, गुडघे सगळे मिळून २० सेंटिमीटर दबले, तर थांबताना पायाखाली सरासरी सहापट वजन येतं. ७० किलोचा माणूस म्हणजे ४२० किलो. हे सगळं दोन ब्रॅकेटवर, आणि एक पाय आधी टेकला तर एकावरच. तिथे तुम्ही वजन कमी करू दिलं नाहीत, उलट आतून एक गसेट, म्हणजे कोपऱ्यात आधाराची पट्टी, वाढवलीत.

पण तुम्ही नुसते नाही म्हणणारे नव्हता, हे मला आवर्जून लिहायचं आहे. मागच्या चाकाचा ॲक्सल तुम्ही स्वतः लेथवर चढवलात. मधोमध, लांबीच्या दिशेने, व्यासाच्या निम्म्या मापाचं खोल भोक. मी दचकलो, तेव्हा तुम्ही समजावलंत की वाकताना सगळा ताण बाहेरच्या कडेला असतो, मधलं लोखंड जवळपास फुकटच बसलेलं असतं. निम्म्या व्यासाचं भोक पाडलं की त्या भागातलं वजन २५ टक्के जातं आणि वाकण्यातली ताकद जाते फक्त ६ टक्क्यांच्या आसपास. आटे असलेलं टोक मात्र तुम्ही भरीव ठेवलंत, कारण नट आवळल्यावर तिथे ताण सगळ्या जाडीवर येतो, नुसत्या कडेवर नाही. भोकाची आतली कड गोल करून, पॉलिश पेपर मारून दिलात. “ओरखडा पण ठेवायचा नाही” हे तुमचे शब्द.

आणि त्याच संध्याकाळी उलटी बाजू दाखवलीत. जुन्या बाजारातून मला एक चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) मिळाला होता, आधीच्या कुणा मालकाने हलका करायला दोन्ही बाजूंना ओळीने भोकं पाडलेला. दिसायला शर्यतीच्या गाडीचा वाटायचा. तुम्ही तो घासून साफ केलात, डीपी टेस्टचा, म्हणजे न दिसणारे तडे शोधायचा, लाल रंग फवारलात, थोडा वेळ मुरू दिलात, पुसलात आणि वरून पांढरा डेव्हलपर मारलात. सुरुवातीला काहीच दिसलं नाही. मग पिव्होटजवळच्या (चिमटा फ्रेमला सांधतो तिथल्या) दुसऱ्या भोकाच्या कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली, आणि बघता बघता नखाएवढी लांब झाली. बोट फिरवून ती लागत नव्हती. तुम्ही सांगितलंत, ओढ खाणाऱ्या पत्र्याला गोल भोक पाडलं की त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो, आणि भोक ड्रिलने ओबडधोबड पाडलेलं असेल तर तडा तिथूनच निघतो. भोकाची जागाही वाईट होती, आडव्या जोराने चिमटा जिथे सगळ्यांत जास्त वाकतो नेमकी तिथे. त्या भोकांनी वाचवलेलं वजन तुम्ही काढून दाखवलंत, शंभर ग्रॅमही नव्हतं. तो चिमटा चढवून मी दगडावरून उतरलो असतो तर काय झालं असतं हे तुम्ही बोलला नाहीत. चिमटा ग्राइंडरने मधोमध कापलात आणि भंगारात टाकलात, पुन्हा कुणी विकत घेऊ नये म्हणून. त्याबद्दल वेगळे आभार मानतो, कारण त्याने माझ्याशिवाय आणखी कोणीतरी वाचलं असेल.

फ्रेम ॲल्युमिनियमची करू या का, हेही मी विचारलं होतं. घनता पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश, ऐकायला मोहात पाडणारं. तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात. ६०६१-टी६ सारखा कडक केलेला ॲल्युमिनियम आर्गनने वेल्ड केला की जोडाशेजारची ताकद ४० टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि ती परत आणायची तर अख्खी फ्रेम भट्टीत घालून, पाण्यात विझवून पुन्हा तापवावी लागते. दुसरी गोष्ट थकव्याची. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते साधारणपणे टिकतं, ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नसते. कारखाने ॲल्युमिनियमच्या उत्तम फ्रेम बनवतात, पण त्या त्यासाठीच आखलेल्या असतात, शेडमध्ये पोलादी मापाची नक्कल केलेल्या नसतात. पोलादी नळीचीही भिंत तुम्ही फार पातळ करू दिली नाहीत. व्यास वाढवून भिंत पातळ केली की कागदावर नळी ताठ राहते, पण आपल्या ओढ्यात तिला काळ्या दगडाची ठोकर बसायची असते. एकदा पोचा पडला की ती वाकत नाही, दुमडते.

घरी आल्यावर मी बीएसए या ब्रिटिश मोटारसायकल कंपनीची गोष्ट वाचली, तुम्हाला सांगायची राहिली होती. १९६४ आणि १९६५ चा मोटोक्रॉस विश्वविजेता जेफ स्मिथ याच्यासाठी त्यांनी १९६६ साली टायटॅनियमची फ्रेम केली. वजन छान उतरलं. पण फ्रेमला तडे जायला लागले, आणि टायटॅनियमला वेल्डिंगच्या वेळी हवा लागू द्यायची नसल्यामुळे मैदानावर ते सांधताच येईनात. केवढी मोठी कंपनी, केवढे इंजिनिअर! तुम्ही भोसरीच्या शेडमध्ये पहिल्याच दिवशी विचारलं होतंत, “तुटली तर मुळशीत कोण जोडून देणार?”

सगळ्यांत जास्त मला आवडली ती फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिनाचा झोक टिकवणाऱ्या फिरत्या चाकाची गोष्ट. सगळीकडून ग्रॅम ग्रॅम काढत असताना तुम्ही म्हणालात, इथे घालायचं. ट्रायल्समध्ये इंजिन जवळजवळ बंद पडायच्या वेगावर चालतं, आणि हलकं चाक असेल तर दगडाला टायर टेकताच गाडी गप्प होते. तुम्ही मॅग्नेटच्या मापाचं पोलादी कडं वळवलंत, कडं गरम करून चढवलंत, मग बॅलन्स तपासलात. ते सुटलं तर किती वेगाने बाहेर येईल हेही सांगितलंत, आणि म्हणून केसिंगही जाड ठेवायला लावलंत. आता गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने ओढा चढते, न धडधडता.

ट्रायल्सवाला सॅमी मिलर, त्याच्या एरियल गाडीबद्दल आपण बोललो होतो ना, नंबर जीओव्ही १३२? ५०० सीसीचं ते जड धूड त्याने एका झटक्यात हलकं केलं नव्हतं. वर्षानुवर्षं एकेक भाग बदलत, मैदानावर तपासत गेला, १९६२ आणि १९६४ साली स्कॉटलंडची तीच सहा दिवसांची ट्रायल जिंकला, आणि १९६५ ला बुल्टाको गाडीवरून पुन्हा. तुमची पद्धत मला तशीच वाटते. एक भाग बदलायचा, चालवायचा, खोलायचा, लाल रंग मारून बघायचा, मगच पुढचा.

गाडी आता ८० किलोच्या थोडी आत आहे. अजून सहा-सात किलो काढता येतील असं मला वाटतं, तुम्हाला वाटत नाही, आणि सध्या मी तुमचं ऐकतोय. दर वेळी ओढ्यावरून आलो की चिमटा, फूटरेस्टची ब्रॅकेट आणि फोर्कची टी धुऊन, बॅटरी लावून बघतो. ब्रेकच्या टॉर्क आर्मचे बोल्ट मूळचेच ठेवलेत.

मजुरीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. आर्गनच्या सिलिंडरचे तरी घ्या, काकूंकडे पाकीट ठेवलं आहे, त्यांना रागावू नका. पुढच्या हबचं ड्रॉइंग काढून झालंय, फ्लँज दोन मिलिमीटरने पातळ करायचा विचार आहे. स्पोकची भोकं तिथेच येतात, हे माहीत आहे. रविवारी सकाळी घेऊन येतो. लाल पेन्सिल काढून ठेवा.

तुमचा,
शेडवरचा उमेदवार