गालावरच्या खडूच्या रेघा

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

मैदानावर आभाराचा विषय काढला की आपण “आधी बाण काढून आणा” म्हणून तो तिथेच थांबवता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड हा तिरंदाजीचा प्रकार शिकणाऱ्या आणखी कोणाला यातले काही उपयोगी पडले, तर मला आनंदच होईल.

दोन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मी साताऱ्यात आपल्याकडे आले, तेव्हा माझ्या हातात 36 पौंडांचे (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारे) धनुष्य होते आणि 30 मीटरवरचे माझे बहुतेक बाण डावीकडे जात होते. आधीच्या ठिकाणी मला थोडे उजवीकडे धरून मारायला सांगितले होते. आपण माझे सहा बाण पाहिलेत, म्हणजे खरे तर माझा चेहरा आणि खांदा पाहिलात. लक्ष्याकडे एकदाही मान वळवली नाहीत. मग माझे धनुष्य बाजूला ठेवून हातात 24 पौंडांचे दिलेत आणि तीन पावलांवर, कागद न लावलेल्या गवताच्या लक्ष्यासमोर महिनाभर उभे केलेत. मोठ्या माणसाला बालवर्गात बसवल्यासारखे वाटून मी तेव्हा दुखावले होते, हे आज मोकळेपणाने सांगते.

त्या महिन्यातली एक सकाळ मी विसरणार नाही. आपण दोरीला खडूची पूड चोळलीत, मला सहा बाण मारायला लावलेत आणि आरसा पुढे धरलात. माझ्या गालावर चार वेगवेगळ्या पांढऱ्या रेघा होत्या. तर्जनी दर वेळी ओठाच्या कोपऱ्यातच येते, असे मी शपथेवर सांगितले असते! त्यानंतर आपण मातीत काडीने मांडलेला हिशेब मला अजून पाठ आहे: ओढलेला बाण साधारण 70 सेंटिमीटरचा धरला आणि त्याचे मागचे टोक गालावर 5 मिलिमीटर सरकले, तर 30 मीटरवर बाण सुमारे 21 सेंटिमीटर चुकतो, आणि 122 सेंटिमीटरच्या लक्ष्यावर पिवळ्या भागाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर अवघे 12.2 सेंटिमीटर असते. आपल्या धनुष्याला साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नसते, त्यामुळे हनुवटी, ओठ आणि गाल हीच आपली मागची साइट, हे मला त्या मातीतल्या आकड्यांनी पटले.

बाण सोडताना माझा हात गालापासून बाहेर फेकला जात असे. बोटे उघडायची नाहीत, पाठीवरची खांद्यांची पाती जवळ आणत राहायचे आणि दोरी आपोआप सुटली की हात कानाखालून मानेकडे जायला हवा, हे आपण किती वेळा सांगितलेत याची गणती नाही. डोळे मिटून बाण मारल्यावरच मला ते शरीरात जाणवले, कारण लक्ष्य दिसत असले की बोटे घाई करतात.

डावीकडे जाण्याचे उरलेले कारण बाणांत होते. जड धनुष्यासाठी घेतलेले ताठ बाण हलक्या धनुष्यावर मुठीला वळसा घालण्याइतके वाकत नव्हते, आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे असे बाण डावीकडे जातात. आपण आपल्या पेटीतले मऊ बाण मला दिलेत आणि त्यांचे पैसे आजवर घेतले नाहीत.

गेल्या रविवारी 30 मीटरवर माझे सहाही बाण एका वितीत बसले. ते पिवळ्यात नव्हते, खाली लाल भागात होते. पण आपण माझा चेहरा सोडून त्या लक्ष्याकडे बराच वेळ पाहत उभे राहिलात आणि “आता 50 मीटरवर चला” एवढेच म्हणालात. त्या चार शब्दांसाठी आणि त्यांच्याआधीच्या दोन वर्षांसाठी मी आपली मनापासून ऋणी आहे.

आपली नम्र,
सकाळच्या तुकडीतली विद्यार्थिनी