हेलिअमचा गण आणि एक अपुरे सूत्र

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी येणाऱ्या सदरात गेल्या आठवड्यात ‘बाह्यतम कवचात जितके इलेक्ट्रॉन, तितवा मूलद्रव्याचा गण’ असे सूत्र दिले होते. (गण म्हणजे मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीतील उभा स्तंभ आणि बाह्यतम कवच म्हणजे अणूतील इलेक्ट्रॉनांचा सर्वांत बाहेरचा थर.) पाठांतराला ते सोपे असले तरी पहिल्या दोन गणांपलीकडे ते जसेच्या तसे चालत नाही. ॲल्युमिनिअमच्या बाह्यतम कवचात तीन इलेक्ट्रॉन असून त्याचा गण 13 आहे, तर जस्ताच्या बाह्यतम कवचात दोनच इलेक्ट्रॉन असूनही ते बाराव्या गणात आहे. मी शिकवत असताना एका मुलीने भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून विचारले होते, “बाई, हेलिअमला दोनच इलेक्ट्रॉन, मग ते बेरिलिअमच्या डोक्यावर का नाही बसवलं?” हे सूत्र घोकून तिचे समाधान झाले नसते. हेलिअमचे एकमेव कवच दोन इलेक्ट्रॉनांतच भरते आणि हेलिअम सहसा कशाशीही संयोग पावत नाही, म्हणून त्याची जागा निऑनच्या वर, अठराव्या गणात.

मुळात गण इलेक्ट्रॉन मोजून पाडलेलेच नव्हते. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी 1869 मध्ये आवर्तसारणी मांडली, तर इलेक्ट्रॉनचा शोध लागला 1897 मध्ये. मेंडेलीव्ह यांच्या हाताशी होती ती अणुवस्तुमाने आणि मूलद्रव्ये ऑक्सिजनशी व हायड्रोजनशी कोणत्या प्रमाणात संयोग पावतात याची माहिती. त्या मुलीने बोट ठेवलेल्या बेरिलिअमचेच पाहा. वजनाने 8 भाग ऑक्सिजनशी त्याचे सुमारे साडेचार भाग संयोग पावतात, एवढे ठाऊक होते. त्याचे ऑक्साइड ॲल्युमिनिअमच्या ऑक्साइडसारखे (धातूच्या दोन अणूंना ऑक्सिजनचे तीन) मानले तर अणुवस्तुमान साडेतेराच्या आसपास येई आणि मॅग्नेशिअमच्या ऑक्साइडसारखे (एकास एक) मानले तर नऊच्या आसपास. ॲल्युमिनिअमशी असलेले साम्य पाहून अनेक रसायनशास्त्रज्ञ पहिल्या आकड्याच्या बाजूचे होते, आणि ते साम्य काही खोटे नव्हते, कारण दोघांचीही ऑक्साइडे उभयधर्मी, म्हणजे आम्ल आणि आम्लारी दोन्हींशी अभिक्रिया करणारी, आहेत. परंतु कार्बन 12 आणि नायट्रोजन 14 यांच्यामध्ये जागा नव्हती. लिथिअम 7 आणि बोरॉन 11 यांच्यामध्ये मात्र होती. मेंडेलीव्ह यांनी बेरिलिअम तेथे, मॅग्नेशिअमच्या गणात बसवले, आणि पुढे बेरिलिअम क्लोराइडच्या बाष्पाची घनता मोजली गेली तेव्हा नऊ हाच आकडा खरा ठरला.

गणासाठी त्यांनी वस्तुमानाचा क्रमही एके ठिकाणी मोडला : टेल्युरिअमपेक्षा हलके असलेले आयोडिन त्यांनी टेल्युरिअमनंतर, क्लोरिन-ब्रोमिनच्या गणात ठेवले. त्याचे खरे कारण, म्हणजे अणुअंक (अणुकेंद्रातील प्रोटॉनांची संख्या), इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ मोझली यांच्या 1913 च्या प्रयोगांतून पुढे आले. हायड्रोजनला पहिल्या गणात ठेवले जात असले तरी ते धातू नाही आणि क्लोरिन-ब्रोमिनसारख्या हॅलोजनांप्रमाणे त्याचे रेणू दोन अणूंचे असतात, तेव्हा त्याच्या जागेबद्दल आजही दुमत आहे.

सदरलेखकांनी सूत्रापुढे ‘फक्त गण 1 व 2 साठी, गण 13 ते 18 साठी दहा मिळवावेत, हेलिअम अपवाद’ एवढी ओळ जोडून दुरुस्ती छापावी, ही विनंती. हेलिअमवर एका गुणाचा प्रश्न हमखास विचारला जातो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा