पाच हजारांच्या डब्यात काय असते? मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय मुख्यमंत्री तथा वित्तमंत्री,
गोवा राज्य, सचिवालय, पर्वरी.

विषय : व्हिडिओ गेमच्या वाढत्या किमती, त्या किमतीत ग्राहकाच्या पदरी पडणारा माल आणि जी.एस.टी. परिषदेत गोव्याने मांडावयाची भूमिका.

महोदय,

मी डिचोलीत राहतो आणि एका उच्च माध्यमिक विद्यालयात वाणिज्य शिकवतो. व्हिडिओ गेमसारख्या विषयावर एका शिक्षकाने थेट मुख्यमंत्र्यांना पत्र लिहावे, याचे आपल्या कार्यालयात कोणाला हसू येईल, येऊ द्यावे. करांचे दर जेथे ठरतात त्या परिषदेत गोव्याची खुर्ची आहे आणि 'गेमिंग' या शब्दाचा घोळ आपल्या राज्यात जितका होतो तितका क्वचितच कोठे होत असेल, म्हणून हे पत्र. पणजीत 'गेमिंग' म्हटले की मांडवीत नांगरलेली कॅसिनोंची जहाजे डोळ्यांसमोर येतात. माझ्या वर्गातील मुलांना त्याच शब्दाने घरच्या टीव्हीला जोडलेला कन्सोल, म्हणजे गेम खेळायचे यंत्र, आठवतो.

प्रथम घडलेली हकिगत सांगतो. भाच्याला बारावीत चांगले गुण मिळाल्यास नवा गेम घेऊन देण्याचे मी कबूल केले होते. त्याने शब्द पाळला, तेव्हा मलाही पाळावा लागला. गणेश चवथीच्या आठवडाभर आधी आम्ही दोघे भर पावसात जाऊन गेम घेऊन आलो. डब्यावर ४,९९९ रुपये छापील किंमत होती. घरी येऊन डिस्क कन्सोलमध्ये घातली, तर पडद्यावर सूचना आली की उरलेला नव्वदहून अधिक जी.बी.चा भाग इंटरनेटवरून उतरवून घ्यावा. त्या रात्री वीज तीनदा गेली. गेम तिसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाला, त्यानंतर कंपनीचे खाते उघडणे आले, आणि खाते उघडून आत शिरताच पहिले दर्शन घडले ते गेममधल्या दुकानाचे, जेथे नायकाचे कपडे वेगळे पैसे मोजून मिळत होते. भाचा मला म्हणाला, "मामा, मग ही डिस्क कशाला दिली?" वाणिज्य शिकवूनही मला त्याचे उत्तर देता आले नाही. दुकानाचे आणि गेमचे नाव येथे घेत नाही, कारण हा अनुभव एका दुकानापुरता किंवा एका गेमपुरता नाही.

किमतीबद्दल कंपन्यांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. अमेरिकेत २००५-०६ च्या सुमारास मोठा नवा गेम ६० डॉलरला मिळू लागला आणि जवळपास पंधरा वर्षे तो दर हलला नाही. २०२० मध्ये तो ७० झाला आणि जून २०२५ मध्ये निन्टेंडो कंपनीने 'मारिओ कार्ट वर्ल्ड' ८० डॉलरला बाजारात आणला. तिथली महागाई जमेस धरली तर २००५ मधले ६० डॉलर म्हणजे आजचे ९५ हून अधिक होतात. म्हणजे डॉलरमध्ये कमावणाऱ्याला गेम महाग झाला नाही, उलट स्वस्तच झाला. खर्चही अफाट वाढला आहे: २०२३ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या एका गेमच्या निर्मितीला सुमारे २२ कोटी डॉलर लागले होते.

आमची कमाई मात्र रुपयांत आहे. २००५-०६ मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, तेव्हाचे ६० डॉलर म्हणजे २,७०० रुपये. आजचे ७० डॉलर सहा हजारांच्या पलीकडे जातात. भारतात हे दर थेट गुणाकार करून ठरत नाहीत, याचे श्रेय कंपन्यांना द्यायला हवे, तरीही सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ४ (पी.एस.४) या कन्सोलच्या काळात ३,९९९ ला मिळणारा गेम पुढच्या पी.एस.५ बरोबर ४,९९९ झाला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलेला तो कन्सोल पुढच्याच वर्षी ५४,९९० वर गेला. टीव्ही, फोन जुने झाले की उतरतात. हे यंत्र जुने होत गेले तसे चढले.

या किमतीच्या समर्थनार्थ एक हिशेब नेहमी ऐकवला जातो. पाच हजारांचा गेम शंभर तास चालला तर ताशी पन्नास रुपये पडतात, आणि एवढ्यात सिनेमाचे तिकीटही येत नाही. माझे विद्यार्थी हा हिशेब फार हुशारीने मांडतात. मी त्यांना एवढेच विचारतो की आपल्या गावच्या जत्रेत नाटक रात्रभर चालते, पहाटे कोंबडा आरवेपर्यंत चालते, म्हणून कोणी त्याची किंमत तासावर ठरवली आहे का? दुसऱ्या अंकात मंडपातील अर्धी माणसे पेंगत असतील, तर ते तास नाटकाच्या खात्यावर जमा करायचे की झोपेच्या? पुष्कळशा नव्या गेममध्ये त्याच चार कामांची घोळणी करून तास वाढवलेले असतात. उलट, २०२३ मध्ये आलेला 'बॉल्डर्स गेट ३' स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात २,९९९ रुपयांना मिळाला. तो पूर्ण होता, आत दुकान नव्हते आणि त्याचे प्रत्येक दालन कोणीतरी मन लावून रचलेले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' अवघ्या २० डॉलरला आला. पुण्याच्या एका लहान चमूने २०२० मध्ये 'राजी' हा गेम करून दाखवला. माझे मत विचाराल तर प्रकाशनाच्या दिवशी पूर्ण किंमत मोजण्याच्या योग्यतेचे मोठे गेम वर्षाकाठी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांसाठी सवलत येईपर्यंत थांबावे.

पण महागाई ही माझी मुख्य तक्रार नाही. किंमत वाढत गेली आणि त्या किमतीत हाती येणारी वस्तू आटत गेली, हे मला आपल्यापुढे मांडायचे आहे. आमच्या घरातील पहिला संगणक माझ्या धाकट्या भावाला सायबरएज योजनेतून मिळाला होता. (सरकारने तो अभ्यासासाठी दिला होता, हे आम्हाला तेव्हाही ठाऊक होते.) त्यावर खेळलेल्या गेमच्या डिस्क अजून माझ्या कपाटात आहेत, त्या उसन्या देता येतात, विकता येतात, कोणाची परवानगी लागत नाही. आजचा ग्राहक विकत घेतो तो बहुतेक वेळा केवळ खेळण्याचा परवाना. युबिसॉफ्ट या कंपनीने इंटरनेटवरूनच चालणाऱ्या 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले आणि ज्यांनी पैसे मोजून तो घेतला होता त्यांच्या हातात काही उरले नाही. त्यावरून युरोपात जी चळवळ उभी राहिली तिच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदाच केला की परवाना विकत असाल तर तसे स्पष्ट सांगा. न्याय्य वागणूक अशक्य आहे असेही नाही: ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला 'कॉन्कॉर्ड' हा गेम पंधरवड्यात गुंडाळावा लागला, तेव्हा सोनीने सर्वांचे पैसे परत केले. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो. डबा फोडलेल्या डिस्कला अशी सोय नाही.

याहून गंभीर गोष्ट गेममधल्या बंद पाकिटांची आहे. पैसे भरायचे, पाकीट उघडायचे, आत गेममधल्या आपल्या संघासाठी चांगला खेळाडू निघाला तर नशीब, नाहीतर पुन्हा पैसे. पूर्ण किमतीला विकलेल्या गेममध्येही हा प्रकार चालतो. बेल्जियमने २०१८ मध्ये याला जुगार ठरवले. आपल्या सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जाण्यास बंदी केली. त्याच गोमंतकीयाच्या चौदा वर्षांच्या मुलाला घरच्या टीव्हीवर पाकिटे उघडण्यास कोणाचीही आडकाठी नाही.

आता आपल्या अधिकारातील गोष्टींकडे वळतो. डब्यावर छापील किंमत असते, आयातदाराचे नाव असते; डिस्कवर गेमचा किती भाग आहे हे ठळकपणे सांगणारी ओळ मला त्या डब्यावर सापडली नाही. वेष्टनात विकल्या जाणाऱ्या मालाचे नियम केंद्राचे आहेत, परंतु त्यांची अंमलबजावणी करणारे वजन-माप खाते राज्याचे आहे. जे खाते बाजारात तराजू तपासते, त्याने किमान एक परिपत्रक काढून गोव्यातील विक्रेत्यांना सांगावे की इंटरनेटशिवाय हा गेम चालतो की नाही आणि आणखी किती जी.बी. उतरवावे लागतात, याची पाटी दुकानात लावावी. यासाठी पैसा लागत नाही. सोबत केंद्राला नियमदुरुस्तीची शिफारस पाठवता येईल.

दुसरी बाब कराची. डिसेंबर २०१८ मध्ये परिषदेने कन्सोलवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. ४,९९९ रुपयांच्या गेममध्ये ७६३ रुपये कर असतो आणि त्यातील निम्मा, म्हणजे ३८१ रुपये, राज्याचा. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅसिनोंवरील कराच्या आकारणीबद्दल गोव्याने सिक्कीमसह परिषदेत वेगळी भूमिका घेतली होती. राज्याचा महसूल पाहता ती समजण्यासारखी होती, मात्र जहाजांसाठी ज्या खुर्चीवरून आवाज उठला, त्याच खुर्चीवरून खेळासाठीही उठावा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, यांत स्पष्ट भेद केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनो आणि पैशांचे ऑनलाइन खेळ ४० टक्क्यांत गेले आहेत. त्याच दिवशी शंभर रुपयांपर्यंतच्या सिनेमा तिकिटावरील कर ५ टक्क्यांवर आला. हजार रुपयांपर्यंतच्या गेमला तसाच ५ टक्क्यांचा टप्पा मागावा, अशी माझी विनंती आहे. पाच हजारांच्या गेमला सवलत मागण्याचे धाडस मी करणार नाही. ती सवलत ग्राहकापर्यंत पोचेल याची मला खात्री नाही. हजाराच्या आतील गेम बहुधा छोट्या चमूंचे असतात आणि देशी चमूंना या टप्प्याचा खरा उपयोग होईल. कंपन्या एकच गेम सहा तुकड्यांत विकून पळवाट काढतील, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून ज्या गेममध्ये आत काहीही विकले जात नाही, त्यालाच हा दर मिळावा.

शेवटची मागणी थोडी वेगळी आहे. ज्याला पाच हजार परवडत नाहीत तो पुस्तकासाठी वाचनालयात जातो. पणजीत पाटोवरील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एक खोली अशी का असू नये, जेथे कन्सोल असेल आणि डिस्क पुस्तकासारखी घरी नेता येईल? फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १९९२ च्या कायद्यानुसार व्हिडिओ गेमच्याही प्रती जमा होतात. हेलसिंकीत २०१८ मध्ये उघडलेल्या ऊडी या सार्वजनिक ग्रंथालयात मुले बसून गेम खेळतात. चित्रपट ही पाहण्याची आणि जपण्याची कला आहे, हे गोव्याने २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवून मान्य केलेले आहेच.

माझ्या कपाटात एक जुना कन्सोल आणि चौदा डिस्क आहेत. त्यांतील अकरा इंटरनेटशिवाय चालतात, मी गेल्या रविवारी एकेक घालून पाहिल्या. ग्रंथालयाने स्वीकारायचे ठरवल्यास कोणत्याही शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी त्या पाटोवर आणून देईन. कन्सोलची वायर तेवढी नवी घ्यावी लागेल.

आपला नम्र,
एक वाणिज्य शिक्षक,
डिचोली, गोवा.