मनोविकार असलेल्या ज्येष्ठांच्या दातांकडेही पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी ७१ वर्षांची आत्या गेली ३४ वर्षे स्किझोफ्रेनियावर औषधे घेत आहे आणि आमच्याच घरी असते. गेल्या पावसाळ्यात तिने भाकरी खाणे सोडले, रात्री उठून ती येरझाऱ्या घालू लागली आणि कोणी जवळ गेले की गालावर हात दाबून ओरडू लागली. जुना आजार उलटला असे आम्हाला वाटले, डॉक्टरांनाही तसेच वाटले आणि गोळीचे प्रमाण वाढवण्यात आले. तीन आठवड्यांनी गाल सुजला, तेव्हा खालच्या दाढेच्या मुळाशी पू झाल्याचे कळले. दाढ काढल्यावर चार दिवसांत ती पूर्वीसारखी जेवू लागली. त्या तीन आठवड्यांत तिच्या तोंडात कोणीही, मीसुद्धा, डोकावून पाहिले नव्हते, याची खंत मला अजून आहे.

मनोविकारावरील अनेक औषधांनी, ॲमिट्रिप्टिलिनसारख्या नैराश्यावरील जुन्या गोळ्यांनी आणि हातापायांचा ताठरपणा कमी करणाऱ्या ट्रायहेक्सीफेनिडिलने तोंडाला कोरड पडते. लाळ अन्नकण धुऊन नेते आणि आम्लाचा जोर कमी करते; ती आटली की दात झपाट्याने किडतात, आणि उतारवयात हिरड्या खाली गेल्यामुळे उघडी पडलेली मुळे तर आधी किडतात. त्यात कोरड घालवण्यासाठी खडीसाखर किंवा लिमलेटच्या गोळ्या चघळल्या जातात, दिवसभर गोड चहा घेतला जातो, आणि आपल्याकडच्या अनेक वृद्ध स्त्रियांना मिश्रीची सवय असते ती वेगळीच. ही औषधे आवश्यक आहेत, ती कोणी मनाने बंद करू नयेत. परंतु गोळी सुरू करतानाच तोंड वारंवार पाण्याने ओले ठेवा, गोड चघळू नका, रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा, एवढे तरी घरच्यांना सांगायला हवे. आम्हाला ३४ वर्षांत ते कोणी सांगितले नाही.

दंतवैद्यांकडची अडचण निराळी आहे. लिथियम हे मनोविकारावरील औषध घेणाऱ्या रुग्णाला दातदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिल्यास रक्तातील लिथियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते, आणि वृद्धांत मूत्रपिंडे मंदावलेली असल्याने हा धोका अधिक असतो. म्हणून औषधांची चिठ्ठी सोबत नेणे आणि दंतवैद्यांनी ती मागणे, दोन्ही गरजेचे आहे. दीर्घकाळच्या औषधांनी काहींचे ओठ, जीभ आणि जबडा आपोआप हलत राहतात. अशांच्या तोंडात कवळी टिकत नाही, आणि मग ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असा शेरा बसतो. आत्याच्या बाबतीत एका दवाखान्यात तर तिच्याशी एक शब्दही न बोलता मला सांगण्यात आले, की सगळेच दात काढून टाकू म्हणजे कटकट मिटेल. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरीणबाईंनी तिला सकाळची पहिली वेळ दिली, आरसा तिच्या हातात दिला, प्रत्येक हत्यार आधी दाखवले, आणि आत्या शांत बसून राहिली.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २१ नुसार सर्व आरोग्यसेवांत मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला शारीरिक आजार असलेल्या व्यक्तीच्या बरोबरीने वागवणे बंधनकारक आहे. दातांची सेवा त्यातच येते. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान भारत योजना लागू झाली हे चांगलेच झाले, परंतु तिचा लाभ दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना मिळतो आणि दातांचे बहुतेक उपचार बाह्यरुग्ण विभागातच होतात.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार आणि दंत, दोन्ही विभाग एकाच आवारात असतात. मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात दरमहा औषधे न्यायला येणाऱ्या साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाचे तोंड सहा महिन्यांतून एकदा दंत विभागाने त्याच दिवशी तपासावे आणि तशी नोंद केसपेपरवर करावी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहणाऱ्या वृद्धांसाठीही हीच पद्धत असावी. त्यांच्यासोबत तर दुखणे ओळखणारे घरचे माणूसही नसते. सार्वजनिक आरोग्य विभागाने याबाबत परिपत्रक काढावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा